पहिला जोड तोडण्यासाठी, दुसरा ड्रमच्या स्टँडसाठी : घरी वेल्डिंग शिकणाऱ्यांना

परभणी घ्या, जालना घ्या, लातूर-बीड घ्या, आमच्या भागात अंगणात निळा दोनशे लिटरचा ड्रम नाही असं घर सापडणं अवघड. नळाला पाणी कधी चार दिवसांनी, कधी आठ दिवसांनी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो काळ ज्यांनी पाहिला ते आजही रिकामा ड्रम टाकून देत नाहीत. आणि हा ड्रम बहुतेक घरी उभा असतो चार विटांवर नाहीतर दोन दगडांवर. खाली जागा नसल्यानं तोटी बसवता येत नाही, मग वाकून तांब्यानं पाणी काढायचं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या कमरा त्यात जातात.

म्हणून वेल्डिंग शिकायचंय असं कुणी मला म्हटलं की मी त्याला पहिलं काम हेच सांगतो : ड्रमचा स्टँड. वीस फुटांच्या एका अँगलमध्ये, म्हणजे एल आकाराच्या लोखंडी पट्टीत, तो होतो. मापणं, कापणं, काटकोन धरणं, टाके मारणं (जोड भरण्याआधी तुकडे जागेवर धरणारे वेल्डिंगचे छोटे ठिपके), जोड भरणं, रंगवणं, सगळं एकाच वस्तूत शिकून होतं. उंची जेमतेम दीड फूट. पण वजन खरं आहे. भरलेला ड्रम म्हणजे दोनशे लिटर पाण्याचे दोनशे किलो आणि वर ड्रमचे आठ-दहा. जोड कच्चा असेल तर तो लपत नाही.

गच्चीवरच्या हजार लिटर टाकीचा स्टँड, जिना, गच्चीचा कठडा, पोरांचा झोका, ही कामं पहिल्या वर्षी हातात घेऊ नका. हात कितीही बसला असं वाटलं तरी नको. वरून पडणारी किंवा ज्यावर माणूस भार टाकतो अशी वस्तू शिकाऊ हातानं करायची नसते.

आधी डोळे

मी पहिल्यांदा होल्डर, म्हणजे वेल्डिंगचा रॉड धरायची मूठ, हातात धरला तेव्हा काळी काच होती, पण टाका मारताना मी ती बाजूला घेत होतो. एक क्षणाचा तर टाका, काय होणार, असं वाटायचं. दिवसभर काही झालं नाही. रात्री दोनच्या सुमाराला जाग आली ती डोळ्यात मूठभर वाळू भरल्यासारखी. पापणी मिटवत नाही, उघडवत नाही, नुसतं पाणी. आईनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, शेजारच्या आजींनी दुधाचा थेंब टाकायला सांगितला. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, दोन दिवसांत बरं वाटलं. हा त्रास आर्कच्या, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यात पेटणाऱ्या विजेच्या झोताच्या, अतिनील किरणांनी होतो, बुबुळाचा वरचा पापुद्रा अक्षरशः भाजतो. काम चालू असताना काहीच कळत नाही, सहा ते बारा तासांनी कळतं, म्हणूनच माणूस फसतो. असं झालं तर डोळे चोळू नका, दूध-बटाटा करत बसू नका, थेट डॉक्टर गाठा.

काचेवर नंबर असतो. ऐंशी अँपिअरच्या आसपास काम करायचं तर १० नंबरची काच, शंभरच्या पुढे गेलात तर ११. आपोआप काळं होणारं हेल्मेट परवडत असेल तर पहिल्याच दिवशी घ्या. दोन्ही हात मोकळे राहतात आणि टाका मारताना काच बाजूला घ्यायचा मोहच होत नाही. उन्हाचा गॉगल चालत नाही, दोन गॉगल एकावर एक घालूनही चालत नाही.

तुमच्याइतकीच काळजी बघ्यांची घ्या. गल्लीत निळा उजेड चमकला की पोरं जमतातच. ती हाकलून जात नाहीत, त्यामुळे काम सुरू करण्याआधी दोन बाजूंनी ताडपत्रीचा आडोसा करा.

अंगावर पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा, सुती पँट, बंद बूट. टेरिकॉटवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. गळ्यात गमछा, उपरणं, ओढणी काही नको, ते ग्रायंडरमध्ये अडकतं. चामड्याचे लांब हातमोजे घ्या आणि ते कोरडे ठेवा. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, अंग घामानं निथळत असतं. मशीन चालू असून आर्क पेटलेला नसतो तेव्हा होल्डरवर साधारण साठ ते ऐंशी व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते सहसा जाणवत नाहीत, ओल्या हाताला बसतात. उन्हाळ्यात काम सकाळी नऊच्या आत उरका, पायाखाली कोरडी फळी घ्या. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीनजवळ थांबूही नये.

आता आग. हे इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागतं, कारण आपल्या घरांभोवती पेटायला टेकलेल्या वस्तूच जास्त. दिवाळीनंतर वेचलेला कापूस खोलीत छतापर्यंत भरलेला असतो, मागं कडब्याची गंजी, बाजूला पऱ्हाट्या-तुराट्यांचा ढीग. ग्रायंडरची ठिणगी सहज वीस-पंचवीस फूट जाते आणि कापसात पडली तर बाहेरून दिसून न येता आत धुमसत राहते. घरात कापूस असेल त्या दिवसांत त्या बाजूला काम करूच नका. एरवी जागा झाडून, पाणी शिंपडून घ्या, वाळूची बादली जवळ ठेवा, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथून हलू नका. तेवढ्या वेळात हत्यारं पुसा, तुकडे गोळा करा.

वीज

घरच्या सिंगल फेजवर चालणारं दोनशे अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन नवशिक्याला उत्तम. जुनी चोकची मशीन जड असतात आणि वीजही जास्त ओढतात. नव्याचं वजन एका हातात उचलण्याइतकं. २.५ मिमीचा रॉड ऐंशी अँपिअरवर जाळताना हे मशीन साधारण चौदा-पंधरा अँपिअर घेतं. म्हणजे सोळा अँपिअरचं चांगलं सॉकेट पाहिजे, मिक्सर लावायच्या छोट्या सॉकेटवर चालणार नाही. एक्स्टेन्शनची वायर तांब्याची, किमान चार चौरस मिमीची घ्या, आणि गुंडाळी पूर्ण सोडवून मग वापरा. गुंडाळलेली वायर भार आल्यावर तापते, आतल्या आत वितळते. तारेवर आकडा टाकून वेल्डिंग करणारे मी पाहिलेत. तो जिवाशी खेळ आहे, त्यात ना फ्यूज ना अर्थिंग.

अर्थिंगबद्दल एक गोष्ट. उन्हाळ्यात आपली काळी माती वाळून भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. कोरड्या मातीत वीज नीट उतरत नाही. महिन्यातून दोनदा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. आणि मशीनची जी दुसरी केबल, चिमटा असलेली, तिलाही सगळे अर्थिंगच म्हणतात, पण ती वेगळी. तो परतीचा रस्ता आहे. तो चिमटा कामाच्या वस्तूला, घासून उजळ केलेल्या जागी, जोडाच्या जवळ लावायचा. गंजावर लावला तर आर्क फुरफुरत राहतो आणि माणूस उगाच अँपिअर वाढवत बसतो.

रॉड सारखा चिकटतोय, अँपिअर तर बरोबर लावलेत, असं झालं तर घड्याळ बघा. शेतीची लाइन आली की गावातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि घरचा विजेचा दाब दोनशे व्होल्टच्या खाली येतो. चूक तुमच्या हाताची नसते. सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो तो घ्या, दाब पडला की काम थांबवा. त्या वेळात शिकणाऱ्याच्या हाताला वाईट सवयी लागतात.

रॉड आणि लोखंड

रॉड ६०१३ नंबरचा मागा. साठ म्हणजे जोडाची ताकद, दर चौरस इंचाला साठ हजार पौंड. एक म्हणजे आडवा, उभा, डोक्यावरचा, कसाही जोड करता येतो. शेवटचा तीन म्हणजे वरचा लेप कोणत्या जातीचा, ज्यानं आर्क मऊ चालतो आणि लवकर पेटतो. दुकानात २.५ मिमीच्या रॉडला बारा नंबर आणि ३.१५ ला दहा नंबर म्हणतात. आपल्याला बारा नंबर पुरतो, सत्तर ते नव्वद अँपिअरवर. पावसाळ्यात पुडा उघडा राहिला तर लेप दमट होतो आणि जोडात बारीक छिद्रं पडतात. झाकणाच्या डब्यात ठेवा.

आता लोखंड. स्टँडसाठी ३५ × ३५ × ५ मिमीचा अँगल, एक पूर्ण लांबी, म्हणजे वीस फूट. २५ × ५ ची पट्टी दहा-बारा फूट. शंभर मिमी चौरस, सहा मिमी जाडीचे चार तुकडे पायाखाली. जालन्याला स्टीलच्या रोलिंग मिल आहेत, त्यामुळे आपल्या भागात तालुक्याच्या गावीही लोखंडाचं दुकान चांगलं भरलेलं असतं. पण माल वजनावर विकला जातो आणि जाडी बोलण्यावर, म्हणून हिशोब स्वतः करायचा. या अँगलचं वजन मीटरला २.६ किलो. वीस फूट म्हणजे सहा मीटर आणि वर थोडं, म्हणजे जवळपास सोळा किलो भरला पाहिजे. तेरा भरला तर जाडी पाच नाही, चार आहे. भांडायची गरज नाही, फक्त पाचचा मागून घ्या. गोल सळईला याहून सोपं सूत्र आहे : मिमीमधल्या व्यासाचा वर्ग करा, १६२ नं भागा, मीटरला किती किलो ते येतं. दहा मिमीची सळई ०.६१७ किलो.

भंगारातून लोखंड आणणाऱ्यांना तीन गोष्टी. बैलगाडीचे किंवा ट्रकचे पाटे फुकट मिळाले तरी भाराच्या कामात वेल्ड करू नका, ते कडक पोलाद आहे, जोडाच्या शेजारी तडकतं. बोअरचा जुना जी.आय. पाइप पायांसाठी वापरायचा मोह होतो, पण त्यावरचा जस्ताचा थर जळून पांढरा धूर होतो. तो छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची : तेलाचा, डिझेलचा, फवारणीच्या औषधाचा बंद ड्रम किंवा टाकी कधीही, कितीही धुतली तरी, कापू नका आणि वेल्ड करू नका. आतल्या वाफेला ठिणगी मिळाली की त्याचा बॉम्ब होतो. पाणी तापवायचा बंब करायला निघालेली माणसं अशी गेली आहेत.

पहिले तीन दिवस : करायचं आणि तोडायचं

माझा मामा कारखान्यात वेल्डर होता. मी पहिला जोड केला, वरून तो छान खवल्या-खवल्यांचा दिसत होता, आणि मी लगेच खुर्ची करायला घेतली. मामा म्हणाला, “कामून इतकी घाई करायलास? तोडून बघ आधी.” मी हातोडा मारला. दुसऱ्या घावाला तुकडा सुटून पडला. मामानं तो उचलून माझ्यापुढं धरला. खालच्या पट्टीवर ग्रायंडरचे ओरखडे जसेच्या तसे होते. म्हणजे माझं लोखंड वितळून वर सांडलं होतं, पण खालची पट्टी वितळलीच नव्हती. गोंद लावल्यासारखं ते बसलं होतं. वेल्डिंगमध्ये दोन्ही बाजूंचं लोखंड वितळून एक व्हावं लागतं, रॉडचं लोखंड फक्त भर घालतं. हे मला त्या तुकड्यानं शिकवलं. म्हणून पहिले तीन दिवस स्टँड विसरा. फक्त तुकडे जोडा आणि तोडा.

पट्टीचे तीन-तीन इंचाचे दहा-बारा तुकडे कापून घ्या. तुकड्यांवरचा गंज, रंग, काळी पापडी घासून लोखंड चकचकीत करा. पहिल्या दिवशी जोड नकोच. एका तुकड्यावर नुसत्या सरळ रेघा ओढा.

रॉड पेटवायचा तो काडेपेटीवर काडी ओढतात तसा, ओढून लगेच किंचित वर. चिकटला तर मनगटाला झटका देऊन सोडवा, नाही सुटला तर होल्डरचा चिमटा दाबून रॉडच सोडून द्या, ओढाताण करू नका. पेटल्यावर रॉडचं टोक आणि लोखंड यात रॉडच्या जाडीइतकंच अंतर, अडीच मिमी. रॉड जळून छोटा होत जातो, त्यामुळे हात सतत खाली सोडत राहावा लागतो. ही गोष्ट सुरुवातीला हाताला पटत नाही. अंतर बरोबर असेल तर कढईत भजी पडल्यासारखा एकसारखा तडतडाट येतो. अंतर वाढलं की आवाज फसफस होतो, थेंब उडायला लागतात. कानानं शिका, फार लवकर कळतं.

रॉड प्रवासाच्या दिशेला थोडा झुकलेला, म्हणजे होल्डर पुढे आणि टोक मागे, उभ्यापासून दहा-पंधरा अंश. आणि बघायचं काय, ते नीट समजून घ्या. नवा माणूस उजेडाकडं बघतो. उजेडाच्या लगेच मागं वितळलेल्या लोखंडाचं छोटं तळं असतं, वाटाण्याएवढं, चकाकणारं. त्याच्या मागं गडद, थोडी जाडसर साय येते, ती रॉडच्या लेपाची. ही साय म्हणजे लोखंड नाही. ती तळ्याच्या मागंच राहिली पाहिजे. तळ्याच्या पुढं धावायला लागली तर ती जोडाखाली अडकते. अशा वेळी अँपिअर पाच-दहानं वाढवा किंवा रॉडचा कल बदला. तळं दोन्ही कडांना भिजवतंय का एवढंच बघत पुढं सरका. हे तळं स्पष्ट दिसायला मला आठ-दहा रॉड जाळावे लागले. एकदा दिसलं की पुढं सगळं सोपं.

दुसऱ्या दिवशी एका आडव्या तुकड्यावर दुसरा उभा ठेवा, दोन टोकांना टाके मारा आणि एकाच बाजूनं जोड भरा. रॉड दोन्हींच्या बरोबर मधोमध, पंचेचाळीस अंशात. थंड झाल्यावर साय फोडून काढा. चिपिंग हातोडीनं काढताना गॉगल घाला, ती काचेच्या कपचीसारखी उडते. मग तुकडा शिकंज्यात धरा आणि जोड नसलेल्या बाजूनं हातोडा मारा, म्हणजे उभा तुकडा जोडाच्या अंगावर झुकतो आणि जोडाचं मूळ उघडतं.

आता तुटलेली कड उन्हात धरून वाचा. सगळीकडं करडं, दाणेदार लोखंड दिसतंय, अगदी कोपऱ्यापर्यंत, तर जोड पक्का. कोपऱ्यात सरळ, गुळगुळीत कड जशीच्या तशी शिल्लक दिसतेय, तर मूळ वितळलं नाही : अँपिअर कमी पडले किंवा हात फार वेगात गेला. काळे काचेसारखे ठिपके म्हणजे साय अडकली. सुईच्या टोकाएवढी छिद्रं म्हणजे रॉड दमट किंवा लोखंडाला तेल-रंग होता. आणि तुकडा वाकून आडवा झाला तरी तुटलाच नाही, तर तुम्ही स्टँड करायला तयार आहात. असे लागोपाठ तीन जोड झाले पाहिजेत. एक झाला म्हणून निघू नका.

तिसऱ्या दिवशी हेच अँगलच्या तुकड्यांवर.

स्टँड

ड्रमच्या बुडाचा व्यास आधी स्वतः मोजा. दोनशे लिटरचे निळे ड्रम साधारण ५८५ मिमीचे असतात, पण सगळे सारखे नसतात. मी खाली मापं देतोय ती याच ड्रमची, चौकट बाहेरून ६१० मिमी, म्हणजे दोन फूट.

वीस फुटातून दोन फुटांचे चार तुकडे चौकटीला, दीड फुटाचे चार पायांना, आणि साधारण दोन फुटांचे दोन मधल्या आधारांना. अठरा फूट झाले. उरलेले दोन फूट कापण्यात जाणारं लोखंड आणि सरावाला. चारही पाय सारखे येण्यासाठी ते वेगवेगळे मापू नका. चार तुकडे थोडे लांब कापा, एकत्र बांधा, एका बाजूला सपाट करून गुण्यानं (काटकोनाच्या पट्टीनं) चारींवर एकच रेघ ओढा आणि त्या रेघेवर कापा.

कापताना ग्रायंडरचा गार्ड काढायचा नाही. गार्ड काढून मोठं व्हील बसवणारे बरेच दिसतात. चार इंची ग्रायंडर मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतो, मोठं व्हील त्या वेगासाठी बनवलेलंच नसतं, फुटलं तर तोंडावर येतं. व्हीलच्या मधल्या पत्र्याच्या कडीवर मुदतीची तारीख असते, तीही बघा. तुकडा क्लॅम्पनं पक्का धरा आणि कापून पडणारी बाजू मोकळी ठेवा. दोन्ही बाजूंनी टेकवलं तर शेवटी फट आवळली जाते, व्हील अडकतं आणि मशीन हाताला झटका देतं.

चौकटीचा अँगल असा ठेवायचा की एक बाजू आत, आडवी, आणि एक बाजू बाहेर, वर उभी. म्हणजे ड्रम ताटात बसल्यासारखा बसतो, सरकत नाही. आडव्या बाजूची टोकं पंचेचाळीस अंशात कापा, उभ्या बाजूच्या टोकाला आतून थोडा उतार घासा. चारही तुकडे दोन-तीन जुन्या अँगलवर मांडा. थेट फरशीवर ठेवून वेल्ड करू नका, शहाबादी फरशी उष्णतेनं तडकते आणि सिमेंटचा कोबा टिकल्या उडवतो.

चार कोपऱ्यांत एकेक छोटा टाका. मग कर्ण मोजा, दोन्ही. ६१० च्या चौकोनाचा कर्ण ८६३ मिमी येतो, पण आकड्यापेक्षा दोन्ही सारखे असणं महत्त्वाचं. दोन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीनं ठोका. टाका एवढा फरक सोसतो. हे आत्ता केलं नाही तर पुढं काहीही केलं तरी स्टँड डुगडुगणारच.

चौकट उलटी करा. पाय कोपऱ्यात उभे करा, पायाच्या अँगलचा कोपरा चौकटीच्या कोपऱ्यात. आता पायाचं टोक आडव्या बाजूला खालून थेट टेकलंय, म्हणजे ड्रमचं वजन लोखंडावरून लोखंडावर उतरतं आणि जोडाचं काम फक्त जागा धरून ठेवणं. पाय चौकटीच्या बाहेरून चिकटवले असते तर दोनशे दहा किलो जोडांवर लटकले असते. प्रत्येक कामात हा विचार आधी करा. वजन बसवता येत असेल तर लटकवू नका.

प्रत्येक पायाला आधी एकच टाका. गुण्या दोन्ही दिशांनी लावून पाय हातानं सरळ करा, मग दुसरा टाका उलट्या बाजूला. तापलेलं लोखंड निवताना आकसतं आणि टाक्याच्या बाजूला ओढतं, म्हणून दोन बाजूंचे टाके एकमेकांना धरून ठेवतात. चारही पाय झाले की त्यांच्यातली अंतरं खाली मोजा, वरच्याइतकीच यायला हवीत.

आता पट्टी. मागे आणि दोन्ही बाजूंना, जमिनीपासून चार इंचांवर, पायांना जोडणाऱ्या तीन पट्ट्या. समोर नको, तिथं बादली-घागर ठेवायची आहे. मग प्रत्येक पायाला वरच्या कोपऱ्यात दोन तिरके टेके, सहा-सहा इंचाचे. स्टँड हलत नाही तो या आठ तिरक्या तुकड्यांमुळे. पोरं घागर उचलताना ड्रमला धक्का देतात, तेव्हा यांची किंमत कळते.

मधल्या दोन आधारांच्या टोकांना अँगलची उभी बाजू ३५ मिमी कापून टाका, म्हणजे आडवी बाजू चौकटीच्या काठावर वरून बसेल. इथंही तोच नियम, आधार काठावर टेकलेला पाहिजे.

सगळं फक्त टाक्यांवर उभं असताना सपाट जागी ठेवून बघा. डुगडुगतं का, तिरकं दिसतं का. टाका ग्रायंडरनं कापून दुरुस्त करणं मिनिटाचं काम, भरलेला जोड कापणं अर्ध्या दिवसाचं. समाधान झालं की जोड भरा. एका कोपऱ्यात एक जोड, मग समोरच्या तिरक्या कोपऱ्यात, मग उरलेल्या दोनांत. एकाच कोपऱ्यात सलग बसून सगळं भरलं तर तो कोपरा ओढला जातो. रॉड संपून नवा लावताना मधली साय फोडून, ब्रशनं घासून मगच पुढं. शेवटी पायांखाली चार चौरस तुकडे. गरम जोडावर पाणी ओतून गार करू नका, आपोआप निवू द्या.

पुढची चूक मला फार दिसते. जोड गुळगुळीत दिसावा म्हणून माणसं ग्रायंडर मारत सुटतात आणि भरलेलं सगळं लोखंड घासून टाकतात. हात लागेल तिथले काटे आणि थेंब काढा, जोडाचं पोट तसंच राहू द्या.

रंग आणि बूड

बोअरच्या पाण्याला क्षार फार. तोटीखाली ठिबकलेल्या जागी पांढरे थर चढतात आणि त्याखाली लोखंड खात जातं. म्हणून रंगात कसूर नको. साय, थेंब, गंज तारेच्या ब्रशनं काढा, कोरड्या फडक्यानं पुसा, रेड ऑक्साइडचे दोन हात द्या, मधे एक दिवस वाळू द्या, मग इनॅमलचे दोन हात. अँगलच्या आतल्या कोपऱ्यात आणि पायाच्या तळाला ब्रश नीट पोचवा.

आणि जमीन. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर थेट ठेवलेला स्टँड कितीही सरळ बनवला तरी पहिल्या पावसाळ्यात एका पायावर झुकतो. अडीच फुटांचा चौकोन सहा इंच खणा, मुरूम भरून पाणी मारून धुम्मसनं ठोका, वर शहाबादी फरशी बसवा, पाणसळ (पातळी बघायचं हत्यार) लावून. चारही पाय फरशीच्या आत आले पाहिजेत.

स्टँड ठेवा, रिकामा ड्रम चढवा, तोटी बसवा. एकदम भरू नका. पन्नास लिटर घाला आणि चारही कोपऱ्यांतले जोड बोटानं आणि बॅटरीच्या उजेडात तपासा, रंगाला केसासारखी चीर गेली असेल तर तिथं जोड हलतोय. मग शंभर, पुन्हा बघा. दोनशे झाल्यावर ड्रमला तळहातानं बाजूनं हलका धक्का द्या. पाणी डुचमळेल, स्टँड डुचमळायला नको. कुठंही शंका आली तर पाणी काढा, त्या जागचा जोड घासून काढा आणि परत भरा. भरलेला ड्रम एक रात्र तसाच राहू द्या, पोरांना त्या बाजूला जाऊ देऊ नका. सकाळी पाणसळ पुन्हा लावून बघा, आणि मग तोटीखाली पहिली घागर ठेवा.